जुन्या फियाटची बॅटरी उभ्या उभ्या उतरते – करंट जातो कुठे, कसं शोधायचं?

सेलूचा_फियाटवाला
नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाटच, आहे, बाबांची. मूळचं १०८९ सीसीचं इंजिन, चार्जिंगला डायनॅमो. गाडी सेलूला वाड्यात उभी असते आणि मी नोकरीला संभाजीनगरला. शनिवारी गावी गेलो की बाबांना घेऊन मोंढा, देऊळ, शेत असा फेरा मारायचा, हा आमचा ठरलेला कार्यक्रम.

दिवाळीपासून गडबड सुरू झालीय. रविवारी छान चालवून उभी केलेली गाडी पुढच्या शनिवारी सेल्फच घेत नाही, नुसतं टक् टक् करते. धक्का मारला की लगेच चालू. चालू झाल्यावर चार्जिंगचा लाल दिवा विझतो, हेडलाइट झक्क पडतात.

बॅटरीवाला म्हणाला बॅटरी गेली. नवीन ४० अँपिअर-तासाची टाकली, तरी तेच. मग एकाने सांगितलं डायनॅमो भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) घ्या. दुसरा म्हणतो सगळं वायरिंग काढून नवीन टाका. बाबा कंटाळून म्हणतात, "दे कुणाला तरी." मला ती द्यायची नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर माझ्याकडे आहे. गाडी बंद असताना करंट कुठे जातो हे घरच्या घरी शोधता येतं का?

काळीमाती_जालना
इतका त्रास कशाला? बॅटरीच्या निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवा. गाडी उभी केली की फिरवायचा. माझ्या मामांच्या जीपला आहे, कधी तक्रार नाही.

बालाघाट
+१. किंवा रोज टर्मिनल काढून ठेवा. आमच्याकडे अर्धा तालुका तेच करतो.

वायरमन_काका_परभणी
स्विच बसवा, चांगलीच गोष्ट हाय. पण स्विच लावून फॉल्ट जात नाही, झाकला जातो. करंट जायलाय म्हणजे कुठं तरी तार घासायलीय नाहीतर एखादी वस्तू चालू राहायलीय. तार पत्र्याला घासत असंल अन् तिच्यावर फ्यूज नसंल, तर एक दिवस गाडी चालू असतानाच धूर निघंल. तवा तुमचा स्विच चालूच असणार की. आधी चोर पकडा, मग कुलूप लावा.

सेलूकर दादा, पोरासारखे आहात म्हणून हक्कानं सांगतो. डायनॅमो भरायला देऊ नका, वायरिंगला कात्री लावू नका, जोवर मीटर काही बोलत नाही तोवर. असं करा:

बॅटरी बाहेर काढून रात्रभर चार्ज करा. सगळे स्विच बंद, चावी काढलेली. निगेटिव्हची केबल काढा. तुमच्या गाडीत बॉडीला निगेटिव्ह हाय, म्हणून तीच आधी काढायची, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी नाही. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. एक टोक काढलेल्या केबलला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. आता जो काही करंट चोरून जायलाय तो मीटरमधूनच जाईल. मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर चुकूनही मारायचा नाही, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथं उडंल.

दार उघडं असंल तर छतातला दिवा लागतो, त्याचं बटण दाबून धरा नाहीतर बल्ब काढून ठेवा. लई जण तोच करंट मोजून घाबरत बसतात.

तंत्र_अंजली_लातूर
काकांनी नेमकं सांगितलं. आकड्यांची थोडी भर घालते, मी तंत्रनिकेतनात शिकवते.

चार्जिंगवरून काढून काही तास शांत ठेवलेली चांगली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२.० च्या खाली गेली की सेल्फला जड जातं, आणि तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट बसून बॅटरी कायमची अशक्त होते. म्हणून या दुखण्यात नवी बॅटरीसुद्धा लवकर मरते आणि मग सगळे बॅटरीलाच दोष देतात.

आता गणित. १ अँपिअर गळती म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-तास, तुमची बॅटरी दोन दिवससुद्धा टिकणार नाही. हल्लीच्या गाड्यांत कॉम्प्युटर, अलार्म असतात, त्यांना बंद असतानाही २० ते ५० मिलिअँपिअर लागतात आणि ते चालतं. पण १९७८ च्या पद्मिनीत झोपेत काम करणारं काहीच नाही. मागाहून टेप किंवा घड्याळ बसवलेलं नसेल तर तिथे जवळपास शून्यच यायला हवं. म्हणजे मीटरने जे दाखवलं ते सगळं चोरीचं.

एक विचारू? दिवाळीच्या सुमारास गाडीत काही काम केलं होतं का? कसलंही, विजेचं नसलं तरी चालेल.

गोदाकाठ_नांदेड
माझा पैसा कटआउटवर. डायनॅमोच्या गाड्यांत रेग्युलेटरच्या डबीत कटआउट असतो. इंजिन बंद झालं की त्याचे पॉइंट सुटायला हवेत. ते जळून चिकटले की बॅटरीच डायनॅमोला करंट पुरवत बसते. लोक डायनॅमो भरून घेतात आणि दोष डबीत असतो. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत हेच निघालं होतं. डबीचं झाकण काढून बघा.

तंत्र_अंजली_लातूर
@गोदाकाठ, कटआउट चिकटला तर तसं होतं हे खरं, पण त्यात कित्येक अँपिअर जातात. डायनॅमो हाताला गरम लागतो आणि गाडी संध्याकाळी उभी केली तर सकाळपर्यंत बॅटरी झोपते. सेलूकरांची आठवडाभर तग धरतेय. म्हणजे गळती बारीक आहे, पाव अँपिअरच्या आतबाहेर. तपासायला हरकत नाही, पण पहिला संशय मी तिथे घेणार नाही.

गोदाकाठ_नांदेड
हा हिशोब पटला. आठवडाभराचं मी लक्षातच घेतलं नव्हतं.

डिझेल_अँबी_उमरगा
डायनॅमोऐवजी अल्टरनेटर असलेल्या गाडीवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण ही चर्चा पुढे कुणीतरी शोधत येईल. माझी डिझेल अँबॅसिडर अशीच रात्रीतून बसायची. अल्टरनेटरच्या आत डायोड असतात, ते करंट बॅटरीकडे जाऊ देतात, उलटा येऊ देत नाहीत. एक डायोड गेला की उलटा रस्ता उघडतो. ओळखायची खूण सोपी: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या अल्टरनेटरला पहाटे पाठीमागून हात लावा. इंजिन थंडगार आणि अल्टरनेटर कोमट असेल तर चोर सापडला. खात्रीसाठी मागची जाड वायर काढून मीटर बघायचा. माझा शून्यावर आला. डायोडची प्लेट बदलली, विषय संपला.

रानजाई_अंबाजोगाई
उंदीर बघितले का? वाड्यात उभी असते म्हणालात. सोयाबीनची पोती जवळ असतील तर उंदीर हमखास येतात. आमच्या गाडीत हेडलाइटकडे जाणाऱ्या तारांचं आवरण कुरतडून तांबं उघडं केलं होतं. दव पडलं की गळती, ऊन पडलं की बंद. मेकॅनिक दुपारी यायचा आणि काहीच सापडत नाही म्हणून जायचा.

मोंढ्यावरचा
रानजाई ताई, म्हणजे उंदीर हुशार अन् मेकॅनिक दुपारचा 😄

बालाघाट
बॅटरीचं डोकं पुसलंय का कधी? उन्हाळ्यात अ‍ॅसिडचा ओलावा वर येतो, त्यावर धूळ बसते आणि दोन खांबांच्या मधे करंटला वाट मिळते. मीटर व्होल्टवर ठेवा, काळं टोक निगेटिव्हला आणि लाल टोक नुसतं बॅटरीच्या प्लास्टिकवरून फिरवा. तिथे व्होल्ट दिसायला लागले तर समजा. झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, सोडा आत जाता कामा नये.

आणि पाणी डिस्टिल्डच घाला हो. आपल्याकडे बोअरचं पाणी घालणारे अजून आहेत. त्यातले क्षार प्लेटा खातात.

वायरमन_काका_परभणी
बालाघाट, लाखातलं बोललात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. गरमीनं बॅटरी आपली आपणच उतरते, काही न जोडता. साधारण १० अंश वाढले की हे उतरणं दुप्पट व्हतं. म्हणून गाडी पत्र्याच्या शेडमधी न ठेवता झाडाखाली ठेवा असं मी सगळ्याला सांगत असतो.

सेलूचा_फियाटवाला
सगळ्यांचे आभार. या शनिवारी मोजमाप केलं.

बॅटरी चार्ज करून ठेवल्यावर १२.६५ व्होल्ट. बॅटरीचं डोकं स्वच्छ आहे. छतातला बल्ब काढला. मीटर लावला: ०.१६ अँपिअर, स्थिर. हलत नाही, कमी-जास्त होत नाही.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. जुने चिनी मातीचे, दोन्ही बाजूंना टोकदार, काही ८ चे, काही १६ चे. प्रत्येक काढल्यावर बाबा मीटरकडे बघून आकडा सांगत होते. सगळे फ्यूज काढून झाले तरी आकडा ०.१६ च! आता बाबांनाही यात रस आलाय, विकायचं काढत नाहीत सध्या.

तंत्र_अंजली_लातूर
०.१६ म्हणजे दिवसाला पावणेचार अँपिअर-तासाच्या वर. सहा दिवसांत २३. चाळीसची बॅटरी निम्म्याच्या खाली जाते. तुमच्या लक्षणाशी तंतोतंत जुळतं.

आणि आकडा स्थिर आहे हे फार महत्त्वाचं. ओल्या किंवा घासलेल्या तारेची गळती सहसा चंचल असते, तार हलवली की बदलते. स्थिर आकडा म्हणजे एखादी वस्तू व्यवस्थित, कायदेशीरपणे चालू आहे. शोधायचं ते तुटलेलं काही नाही, चालू असलेलं काहीतरी.

वायरमन_काका_परभणी
आता ऐका. जुन्या फियाटमधी सगळ्याच तारा फ्यूजमधून जात नाहीत. इग्निशन, चार्जिंग, सेल्फ यांना फ्यूज नाही. अन् मागून कुणी काही बसवलं असंल तर त्यानं करंट घेतला कुठून? सरळ बॅटरीच्या खांबावरून नाहीतर सेल्फच्या जाड नटावरून. तेच सोपं पडतं.

तर सेल्फच्या नटावर किती तारा हाईत ते बघा. कंपनीच्या तारेचं आवरण जुनं, कडक झालेलं असतं. त्यात एखादी वेगळ्या रंगाची, टेप गुंडाळलेली तार दिसली तर ती सोडा अन् मीटर बघा. नंतर रेग्युलेटरच्या डबीवरची बॅटरीकडची तार सोडा अन् बघा.

अजून एक. वाड्यात सगळे गप्प बसा. टीव्ही बंद करा. निगेटिव्ह केबल खांबाला नुसती टेकवा अन् उचला, टेकवा अन् उचला. कान लावून ऐका.

मोंढ्यावरचा
काका, कान कुठे लावायचा?

वायरमन_काका_परभणी
जिथून आवाज येईल तिथं 🙂 एकानं बॅटरीपाशी, दुसऱ्यानं गाडीत बसायचं.

जुनं_ते_सोनं_बीड
थोडं विषयांतर. पद्मिनीचे सुटे भाग कुणाला मिळतायत का? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या होत्या तोवर कुर्ल्याकडे सगळं मिळायचं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्यातली शेवटची टॅक्सीसुद्धा रस्त्यावरून गेली. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवलेली.

डिझेल_अँबी_उमरगा
पुण्यात नाना पेठेत अजून मिळतं काही काही. फ्यूज, होल्डर, इंडिकेटरच्या काचा.

काळीमाती_जालना
मग डायनॅमो काढून अल्टरनेटरच बसवा ना. मंद इंजिनवरसुद्धा चार्ज करतो. डायनॅमो देवळासमोर गाडी चालू ठेवून उभं राहिलं की काही देत नाही.

जुनं_ते_सोनं_बीड
असं नका करू. ती गाडी जशी आहे तशी राहिली म्हणून तिला किंमत आहे. शिवाय २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांवरची खासगी गाडी, मूळ स्वरूपात असलेली, तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर. शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. सेलूकरांची गाडी २०२८ ला त्यात बसते.

काळीमाती_जालना
पण व्हिंटेज नोंदणीत रोजच्या वापराला परवानगी नाही. बाबांना शेतात जायचंय. नियम वाचले तर चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको असं आहे. जुना डायनॅमो गोणपाटात गुंडाळून जपून ठेवायचा, हवा तेव्हा परत बसवता येतो. वयस्कर माणूस गाडी घेऊन रानात अडकण्यापेक्षा बरं.

तंत्र_अंजली_लातूर
दोघांचंही म्हणणं पटतं, पण सेलूकरांचा दोष डायनॅमोत आहे असं अजून कुठेच दिसलेलं नाही. लाल दिवा विझतो, धक्क्याने चालू होऊन दिवसभर चालते. हवं तर इंजिन थोडं वाढवून बॅटरीवर व्होल्ट मोजा. साधारण १३.८ ते १४.४ मिळाले तर त्याला हात लावू नका.

सेलूचा_फियाटवाला
सापडला!!

काकांनी सांगितलं तसं केलं. बाबा बॅटरीपाशी, मी आत. त्यांनी केबल टेकवली आणि डाव्या बाजूला डॅशच्या खाली, पार आत, बारीकसा टक्. उचलली की पुन्हा टक्. मोबाइलचा उजेड पाडून हात घातला तर एक चौकोनी काळी रिले (बारीक करंटने आतली कॉइल ओढून मोठा करंट चालू करणारा स्विच), पत्र्याला स्क्रूने बसवलेली. केबल तासभर जोडून ठेवली आणि बोट लावलं, चक्क कोमट होती.

तिच्या तारांचा माग काढत गेलो. लाल तार सरळ सेल्फच्या नटावर, मधे फ्यूज नाही. एक तार पुढे ग्रिलकडे जाऊन टेप गुंडाळून सोडून दिलेली. आणि एक तार डॅशखालच्या छोट्या खटक्याच्या स्विचला.

बाबांना विचारलं तर त्यांना सगळं आठवलं. साखर कारखान्याच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॅक्टरांमधून यावं लागायचं, ट्रॉल्यांना मागे दिवा नसायचा, म्हणून त्यांनी बंपरवर दोन फॉग लॅम्प बसवले होते. पुढे बंपर क्रोमला दिला तेव्हा लॅम्प काढले, रिले आणि स्विच तसेच राहिले.

आणि अंजली मॅडम, तुमचा प्रश्न! दिवाळीआधी सीट कव्हर आणि खालचं मॅटिंग बदललं होतं. कारागीर डॅशखाली डोकं घालून काम करत होता. त्याचा हात लागून तो खटका चालू झाला असणार. लॅम्पच नाहीत, त्यामुळे काही उजळलं नाही, कुणाला कळलं नाही. दिवाळीपासून रिले रात्रंदिवस ओढून धरलेली.

खटका बंद केला, मीटर ०.००. मिलिअँपिअरवर लावून बघितलं तरी शून्यच. चार्जिंगही मोजलं, इंजिन वाढवल्यावर १४.१.

गोदाकाठ_नांदेड
वा! अभिनंदन. डायनॅमो वाचला.

तंत्र_अंजली_लातूर
अशा रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ८० ओहमच्या आसपास असतो. साडेबारा व्होल्टला भागा, ०.१६ बरोबर येतात. हे उदाहरण मी वर्गात सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

सेलूचा_फियाटवाला
हरकत कसली, बाबांना फार आवडेल.

वायरमन_काका_परभणी
शाब्बास. आता खटका बंद करून सोडून देऊ नका. ती लाल तार सेल्फच्या नटावरूनच काढा, आख्खी. ग्रिलकडं जी टेप गुंडाळून सोडलीय, तिच्यात आजवर रिले ओढलेली असताना पूर्ण बॅटरीचा करंट उभा व्हता, मधी फ्यूज नाही. टेपचा चिकटा उन्हानं सुटतो. ती तार पत्र्याला लागली असती तर गाडीसंगट वाडाबी गेला असता. परत लॅम्प लावायचे असले तर नव्या तारेनं, बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज टाकून, खटका चावीच्या करंटवर घ्या. म्हणजे चावी काढली की लॅम्प बी बंद.

फ्यूज काढलेच हाईत तर दोन्ही टोकं अन् होल्डरच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं घासून बसवा. हिरवं चढलेलं असतंय.

सेलूचा_फियाटवाला
काका, तार काढली. फ्यूजही घासले, खरंच हिरवे होते. आता शेवटचं एक: मागचा उजवा इंडिकेटर मंद लागतो, आणि ब्रेक दाबला की त्याच बाजूचं इंडिकेटरसुद्धा अंधुक उजळतं. हे याच्याशीच संबंधित आहे का?

वायरमन_काका_परभणी
नाही, ते येगळं. त्या दिव्याची अर्थ, म्हणजे बॉडीशी असलेली जोड, गेलीय. करंटला बॉडीत उतरायला जागा सापडंना, म्हणून तो शेजारच्या बल्बातून वाट काढायलाय. होल्डर जिथं पत्र्याला बसतो तिथला गंज अन् रंग घासा. आधी तपासायचं असंल तर एक जादा तार घ्या, एक टोक होल्डरच्या पत्र्याला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवा झक्क लागला की दोष अर्थचाच.

रानजाई_अंबाजोगाई
काका, आमच्या गाडीला हॉर्न वाजवला की हेडलाइट मंद होतात. हाही अर्थचाच प्रकार का?

वायरमन_काका_परभणी
ताई, बॅटरीपासून बॉडीला अन् इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या पट्ट्या बघा आधी. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, अन् कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टाच्या वर दाखवलं तर पट्टी बदला. आकडा काय आला ते इथं लिहा, मग पुढचं सांगतो.